डॉक्टरचा कागद माझ्या हातात होता

माझ्या बायकोने मला साडेतीन महिने फसवलं, आणि विजय नगरात फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंनी तिला त्यात मदत केली. दोघींनाही हे मान्य नाही. बाई म्हणतात, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. बायको म्हणते, मी कुठे लपवलं, तुमच्या तोंडावर सांगितलं. यात ती खोटं बोलत नाही, हीच माझी अडचण आहे.

आमच्या घरात फ्रेंच कुठून शिरलं ते आधी सांगतो. मुलगी लग्नानंतर फ्रान्समधल्या एका लहान गावात राहते. तिला दिवस गेले. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. आमची येऊ शकत नव्हती, म्हणून माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, इथं औषधाच्या दुकानातपण इंग्रजी चालत नाही. मी दवाखान्यात असेन, हा कामावर असेल, आणि तुमचा बीपी वाढला तर काय हातवारे करून सांगाल? थोडं शिकून या."

मी शिकायला घाबरत नाही. रिछाईच्या कारखान्यांत मी लेथवर हेल्पर म्हणून लागलो होतो, मापाची पट्टीसुद्धा धड वाचता येत नव्हती. आज तिथेच माझी शेड आहे आणि चार लेथ आहेत. जे मिळवलं ते दोन गोष्टींवर: हात आणि तोंड. समोरच्याने भाव सांगितला की मी आधी हसतो, मग उठून उभा राहतो. उठून उभं राहिल्याशिवाय मी आयुष्यात एकही सौदा केलेला नाही.

फ्रेंचच्या क्लासचाही तसाच केला. स्टेशनरीच्या दुकानावर एक खोली, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच वाजता. शिकवणाऱ्या बाई आमच्या मुलीच्या वयाच्या, मराठी घरातल्याच, पण इकडच्या हिंदी मुलखात वाढलेल्या, मराठी बोलताना दर दोन वाक्यांनी हिंदीत घसरणाऱ्या. मी म्हटलं, नवरा-बायको एका बाकावर बसणार, एका पुस्तकात वाचणार, मग दोन पुस्तकं काहून? एकच द्या. त्या हसल्या, "चलो काका, एकच घ्या." मी खूश झालो. पुस्तक अर्थात माझ्यासमोर राहायचं. बायकोने एक दोनशे पानी वही आणली आणि फळ्यावरचं, पुस्तकातलं, बाईंच्या तोंडचं, सगळं तिच्यात उतरवू लागली. त्या वहीमुळे पुढचं सगळं झालं. पुस्तकं दोन घेतली असती तर वही भरली नसती, हे मी आता रोज स्वतःला सांगतो.

क्लासात आमच्याशिवाय कॅनडाला जाऊ पाहणाऱ्या दोन मुली होत्या आणि हॉटेलातला एक आचारी होता. पहिला महिना नाव, गाव, वेळ, भाजी यांत गेला. मग तब्येतीचा धडा आला. बाईंनी भिंतीवर माणसाच्या शरीराचं चित्र लावलं आणि छडीने एकेक अवयव दाखवत गेल्या. डोकं दुखतं: झे माल आ ला तेत. पोट दुखतं: झे माल ओ व्हाँत्र. आचारी म्हणाला, "दीदी, पूरे शरीर में दर्द हो तो?" बाई म्हणाल्या, "तो काम पे मत जाइए." सगळे हसले. बायको हसली नाही, ती लिहीत होती.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण ती मला रीत आहे हेच माहीत नव्हतं. आम्ही आधारताळकडे, महाराजपुरात राहतो, आणि आमचे एक ठरलेले डॉक्टर आहेत. लग्नाला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत बायको आजारी पडली की मी तिला स्कूटरवर घेऊन जायचो. डॉक्टर तिच्याकडे बघून विचारायचे, "हां भाभीजी, क्या तकलीफ है?" आणि उत्तर मी द्यायचो. किती दिवसांपासून, भूक लागते का, झोप येते का, सगळं. डॉक्टरही सवयीने पुढचा प्रश्न मलाच विचारायचे. तिला त्रास होऊ नये म्हणून मी बोलायचो. शिवाय डॉक्टरांनी चार तपासण्या लिहिल्या की त्यातल्या दोन कमी करून घ्यायचं काम तिला जमलं नसतं. बाहेर येऊन ती ओढणी सारखी करायची आणि म्हणायची, "चला."

तर त्या धड्याच्या शेवटी बाईंनी कागद वाटले. एकाने डॉक्टर व्हायचं, दुसऱ्याने रोगी. डॉक्टरचा कागद मी घेतला. त्यावर चार ओळी होत्या. काय होतंय? किती दिवसांपासून? भरपूर पाणी प्या. सोमवारी परत या. रोग्याच्या कागदावर रिकाम्या जागा होत्या, त्यात आपापला आजार भरायचा. कॅनडावाल्या मुलींनी सर्दी आणि दात भरले. आमची पाळी आली. समोर दोन खुर्च्या ठेवल्या होत्या.

मी छाती काढून विचारलं, काय होतंय? बायको कागदाकडे न बघता म्हणाली, "झ सेन्य."

हा शब्द चित्रावर नव्हता. मला वाटलं चुकली. मी कागदावरची दुसरी ओळ वाचली, "दप्वी काँ?" किती दिवसांपासून?

"दप्वी त्र्वा म्वा." तीन महिने.

ती माझ्याकडे बघत होती. सरळ, डोळ्यात डोळे घालून. बायको माझ्याकडे अशी बघत नाही. बोलताना तिचे डोळे नेहमी हातातल्या कामावर असतात. मला ते विचित्र वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला, की ही धीट झाली. मी तिसरी ओळ जोरात वाचली, "ब्युव्हे बोकू दो!" भरपूर पाणी प्या!

आचाऱ्याने टाळ्या वाजवल्या. "काका तो सरकारी डॉक्टर निकले!" मीही हसलो. बाई हसल्या नाहीत, पण मला ते आत्ता आठवतं. त्या म्हणाल्या, "काकू, त्रे ब्यां," म्हणजे फार छान, आणि पुढच्या जोडीला बोलावलं.

स्कूटर काढायला मी खाली गेलो. बायको नेहमीप्रमाणे पाच-दहा मिनिटं मागे राहिली. क्लास सुटला की ती रोजच मागे राहायची. मला वाटायचं, बायका बायकांच्या गप्पा मारत असतील.

दुसऱ्या आठवड्यात प्रवासाच्या विम्याचा माणूस घरी आला. फॉर्म भरताना त्याने विचारलं, "मॅडम को पिछले छह महीने में कोई तकलीफ?" मी म्हटलं, "मॅडम एकदम फिट." बायको चहा ठेवून आत गेली. मी तिची सही आत जाऊन आणली.

आता मला जे सापडलं ते कसं सापडलं, तेही खरं सांगतो. संशय वगैरे काही नव्हता. हेवा होता. बाई प्रत्येक वेळी बायकोच्या वहीला तारा द्यायच्या आणि माझ्या कागदावर नुसती बरोबरची खूण. 'डॉक्टरला चिठ्ठी लिहा' असा घरचा अभ्यास होता. बायकोने आपली आधीच तपासून घेतली होती, मी काही लिहिलं नव्हतं. सकाळी बायको अंघोळीला गेली असताना मी तिची वही पिशवीत टाकली आणि शेडवर नेली. विचार असा, की तिची चिठ्ठी उतरवून काढू, दोनचार शब्द बदलू.

अकराच्या सुमाराला ऑफिसच्या टेबलावर वही उघडली. बाहेर लेथ चालू होते. चिठ्ठीवर लाल शाईचा तारा होता आणि दोन दुरुस्त्या. उतरवण्याआधी अर्थ कळावा म्हणून मी मोबाइलचा कॅमेरा त्या पानावर धरला. पडद्यावर हिंदी अक्षरं आली.

डॉक्टर, मुझे रक्तस्राव हो रहा है। तीन महीने से। मेरा मासिक छह साल पहले बंद हो चुका है। वज़न कम हुआ है। मुझे डर लगता है। कृपया मेरी बेटी को मत बताइए।

मी आधी हसलोच. म्हटलं, बघा कुठवर मजल गेली. मग सहा वर्षं हा आकडा डोक्यात शिरला. तो खरा होता. क्लासात कोणी असा आकडा देत नाही. मुलीच्या बारावीच्या वर्षी बायको एकदा म्हणाली होती, "आता सुटले बाई त्यातून," आणि मी म्हटलं होतं, बरं झालं. ते सहा वर्षांपूर्वी.

मग एकेक गोष्ट आपोआप पुढे आली. क्लासातलं 'झ सेन्य' म्हणजे रक्त जातंय, हे तेव्हा कळलं. तिने मधे काळ्या आणि मातकट रंगाचे पंजाबी ड्रेस शिवून घेतले होते, फिके सगळे भावजयीला देऊन टाकले होते. सकाळी माझ्याआधी उठून बाथरूम धुवायची. दोन वेळा म्हणाली होती, "पाठ भरून आली," आणि मी म्हटलं होतं, फरशी वाकून पुसू नको, मॉप घेऊन देतो. मॉप आणलाही, घासाघीस करून.

 मी वही मिटली आणि पुन्हा उघडली. बाहेर एक लेथ बंद पडला, कारागीर काही विचारायला आत आला आणि माझं तोंड बघून तसाच परत गेला.

मी घरी जायला हवं होतं. मी विजय नगरला गेलो. भीती वाटली की मला आधी कोणाशी तरी भांडावं लागतं, हे मी आता मान्य करतो.

बाई डबा खात होत्या. मी वही त्यांच्या डब्याशेजारी आपटली. म्हटलं, "हे तुम्ही तपासलं?"

त्यांनी पान बघितलं आणि घास खाली ठेवला. "हो काका."

"तारा दिला? रक्त जातं असं बाई लिहून राहिली आणि तुम्ही तारा देता?"

"काका, मी विचारलं त्यांना. पहिल्याच दिवशी विचारलं, काकू, ये सच है क्या? त्या म्हणाल्या, खरं आहे, काकांना माहीत आहे, डॉक्टरची वेळ घेतली आहे. फक्त मुलीला कळू द्यायचं नाही, ती पोटुशी आहे. चिठ्ठीतपण तेच लिहिलंय ना." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज पडला नाही. "और काका, त्या दिवशी तुम्हीच डॉक्टर होते. त्यांनी आपको ही तो बोला. मला वाटलं, तुम्ही दोघं हिंमत करून सराव करून राहिले. मला तर तुमचं कौतुक वाटलं."

"मी पाणी प्या म्हटलं!"

"कागदावर तेच होतं, काका."

मी उठून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा, उठून उभं राहिल्यावर पुढे काय करायचं ते मला कळेना.

घरी आलो तेव्हा बायको गॅलरीत तूर निवडत होती. वही माझ्या हातात बघून तिने सूप बाजूला ठेवलं. मी ओरडणार होतो, शब्दही तयार होते. तोंडातून निघालं ते एवढंच, "अजून जातंय का?"

"हो."

"किती?"

"कधी थोडं, कधी जास्त. अंगावरून जातं तसं." मग म्हणाली, "ओरडू नका, खालच्या वहिनी ऐकतील."

"मी ओरडून नाही राहिलो."

"ओरडून राहिले तुम्ही."

मी खाली बसलो. फरशी गार होती. तिने सगळं शांतपणे सांगितलं, दिवाळीच्या फराळाची यादी सांगावी तसं. तिचा विचार पक्का होता. इथे दाखवलं तर तपासण्या निघतील, ऑपरेशन निघेल, जाणं रद्द होईल, पोरगी तिकडे एकटी बाळंत होईल. म्हणून बाळंतपण होऊ द्यायचं, सव्वा महिना बाळ-बाळंतीण बघायची, आणि मग तिथल्या डॉक्टरकडे एकटीने जायचं. एकटीने बोलता यावं म्हणून ती क्लास सुटल्यावर मागे राहून बाईंकडून एकेक शब्द घेत होती. रक्त. पाळी. वजन. गाठ. तिच्या वहीत शेवटच्या पानावर त्यांची रांग होती. माझं अजून डोकं आणि पोट चालू होतं.

"अन् तिथं डॉक्टर पुरुष असता तर?"

"असता तर असता. त्याला मी कोण हे थोडी माहीत असतं."

"इथं बायका डॉक्टर नाहीत का? इथं काहून नाही दाखवलं?"

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. दोन खडे काढले. म्हणाली, "इथं तुम्ही असता ना."

मी विचारलं, म्हणजे काय? ती उठली आणि कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला बायकांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाईंनी आमच्या डॉक्टरांसारखंच तिच्याकडे बघून विचारलं, "कब से हो रहा है?" माझं तोंड उघडलं. सवयच ती. बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं, त्या क्लासातल्या खुर्चीवरून बघितलं होतं तसंच. मी तोंड मिटलं. ती हिंदीत बोलत गेली, एका गोष्टीपाठोपाठ दुसरी, वहीतल्याच क्रमाने. तीन महिने झाले, वर पंधरा दिवस. डॉक्टर बाई लिहीत गेल्या. मधेच त्यांनी पेन थांबवला आणि विचारलं, "इतने दिन क्यों रुकीं?" बायको म्हणाली, "बस, रह गया." माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. मग मला बाहेर बसायला सांगितलं.

सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड निघालं. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर बाई म्हणाल्या, आत्ता काही सांगता येत नाही, साधं की वाईट, दोन्ही असू शकतं. मी विचारलं, "दोन्हीपैकी जास्त काय?" माझा धंद्याचा प्रश्न. त्या म्हणाल्या, "सोमवार को आइए." मला त्या कागदावरची चौथी ओळ आठवली. क्लासात ती वाचायची राहून गेली होती.

आज रविवार आहे. गुरुवारपासून मी शेडवर गेलो नाही. बायको आत गेली की मी पाण्याचा आवाज ऐकत बसतो. आवाज जास्त वेळ आला की उठून दाराशी जाऊन उभा राहतो. थोडाच आला तरी राहतो. ती जिना चढताना मी मागे राहतो आणि तिचा श्वास मोजतो. रात्रीच्या जेवणात भाकरी उरली तर बघतो, तिची उरली की माझी. आमच्याकडे नवस बोलत नाहीत. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हाच नवस, गंडा, दोरा सगळं घरातून गेलं, आणि मला त्याचा अभिमान होता. आता कळतं, की ज्याने आयुष्यभर सौदे केले त्याला आज सौदा करायला समोर कोणी नाही. हे घे आणि ती सोड, असं कोणाला म्हणू? पंचशील म्हणायला बसतो तर अर्ध्यात पुढची ओळ आठवत नाही. बायको स्वयंपाकघरातून ती पूर्ण करते.

मघाशी मुलीचा व्हिडिओ कॉल आला होता. आठवा महिना लागलाय, तोंड सुजल्यासारखं दिसतं. "तिकिटं अजून काढली नाहीत का बाबा? आई कुठाय? ठीक आहे ना?" बायको मोबाइलच्या मागे उभी राहून हाताने नाही-नाही करत होती. मी म्हटलं, "एकदम फिट." तिच्या वतीने मीच सांगितलं. पुन्हा.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "बरं केलं."

बरं केलं? मी घरात सगळ्यांसाठी बोललो, तेव्हा कोणी म्हटलं नाही गप्प बसा. डॉक्टर, शाळा, विमा, घरमालक, पोरीची सोयरीक, सगळीकडे हाच आवाज चालला. तो आवाज तुला नको होता तर तीस वर्षांत एकदा म्हणायचं होतंस. एकदा. त्याऐवजी परकी भाषा शिकलीस, भर क्लासात माझ्या डोळ्यात बघून बोललीस, आणि मला पाणी प्या म्हणू दिलंस. उद्या कागद हातात येईल. काही असलं तर साडेतीन महिन्यांचा जाब मी कोणाला विचारू? फ्रेंच शिकवणाऱ्या त्या पोरीला? विम्याच्या माणसाला? स्वतःला विचारायचं तर तसं तोंडावर सांग, पण सांग.

'इथं तुम्ही असता' म्हणजे काय, ते मला उद्या नऊला डॉक्टरकडे जायच्या आधी कळलं पाहिजे. हे लिहून मी कागद कुकरशेजारी ठेवतोय, तिला सापडेल असा. बाहेर गॅलरीत बसलोय. मधे बोलणार नाही, आवाज चढवणार नाही. ये, बस, आणि सांग. काहून?